मांडवातली पहिली विळी

काशीने सवाष्ण असताना अख्खा भोपळा स्वतःच्या हाताने चिरला आणि पंधरवडा उलटायच्या आत तिचा नवरा मुंबईत वारला, अशी आमच्या वाडीत कुजबुज होती. आमच्या वाडीची कुजबुज म्हणजे विहिरीवर एकीने दुसरीच्या कानाला लागून सांगायचं, पण आवाज असा ठेवायचा की पलीकडे कपडे धुणारीला पुन्हा विचारावं लागू नये.

परक्या माणसाला यात भोपळ्याचा काय संबंध ते कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे लाल भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. बाईने अख्ख्या भोपळ्याला पातं लावायचं नाही. पहिली चीर पुरुषाने द्यायची, मग बाईने त्याच्या हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. थोरल्या मुलाचे दोन भाग पुरुषाने केले तर चालतात आणि त्याची भाजी बाईने केली तर चालते, हा न्याय कोणी लावला ते मला विचारू नका. लावणारा पुरुष होता आणि त्याला भाजी आवडत होती, एवढं नक्की.

तो न्याय लागला तेव्हा वाडीत पुरुष होते. आता अर्धे मुंबईला, उरलेले लोट्याच्या कंपन्यांत पाळीवर, शनिवार-रविवारी तोंड दाखवणार. दिवसाउजेडी वाडीत पुरुष म्हणावा तर एक धाकू, आणि तो बाजेवरून उठत नाही. भोपळे मात्र दरवर्षी होतात. मग बायकांनी तोड काढली. पूर्णगडचा नासिर स्कूटरवर मासळीची पेटी बांधून येतो. त्याचा भोंगा वाजला की एक बाई ताट घेऊन धावते आणि दुसरी बगलेत भोपळा घेऊन.

"नासिरभाई, जरा हात लाव रे ह्याला."

नासिर पंपावर हात स्वच्छ धुतो, अंगणात बसतो आणि आमच्या थोरल्या मुलांना एकेक चीर देतो. आणि दरवेळी तेच बोलतो, "माझी अम्मी सगळे भोपळे एकटीच कापते. अब्बा ऐंशीच्या घरात आहेत, अजून दिवसातून दोनदा चहा जास्तीचा मागतात."

"तुमचे भोपळे वेगळे रे बाबा," आम्ही सांगतो. तो मान डोलावतो आणि पुढच्या दाराला जातो.

तर हे भोपळ्याचं. आता विळीचं.

सुरी काय, कुठेही पडते, कुठेही सापडते. विळीला घरात जागा असते आणि मान असतो. तिला ओलांडायचं नाही. काम झालं की भिंतीशी आडवी करायची. उभी राहिली तर घरात भांडण उभं राहतं. (शेवंतीकडे विळी आडवी असूनही भांडण उभंच असतं, पण ते जाऊ दे.) एकीने दुसरीच्या हातात द्यायची नाही. देणारीने जमिनीवर ठेवायची, घेणारीने जमिनीवरून उचलायची. हातातून हातात गेली तर दोघींचं नातं तुटतं. ग्रहणात तिला शिवायचं नाही. आणि बाळ जन्मल्यावर पाचव्या रात्री, सटवी नशीब लिहायला येते तेव्हा, बाळंतिणीच्या उशाखाली विळी असलीच पाहिजे. दिवसा वांगी चिरायची आणि रात्री पोरांची राखण करायची, अशी दोन्ही पाळ्यांची नोकरी घरात दुसऱ्या कोणत्या वस्तूला आहे?

माझ्या आजीच्या वेळी पातं लोहार करायचा आणि पाट सुतार. टोकाला खोबरं खवायची दातेरी चकती. आता बाजारात घडीच्या मिळतात, ओट्यावर बसवायच्या. विळी ओट्यावर गेली आणि बायका उभ्या राहिल्या. गुडघे वाचले म्हणतात. वाचले असतील, पण बसून चिरताना जेवढं बोलून होतं तेवढं उभ्याने होत नाही.

काशीची विळी जुन्या पद्धतीची. पाट फणसाचा, बसून बसून गुळगुळीत झालेला. पातं केरू लोहाराने एस.टी.च्या मोडीत निघालेल्या गाडीच्या पाट्यातून घडवलेलं. देताना म्हणाला होता, "आमच्या रस्त्यांवरून फिरलेला पाटा हाय हा, काशीवैनी. आता तुझ्या वांग्याबटाट्यांना काय भिणार!" आणि खरंच, काशी त्या विळीवर बसली की बघत राहावं. कोवळा फणस चिरताना आमच्या हातांना चीक लागून बोटं एकमेकांना चिकटतात. ही तेलाचं बोट लावून बसते आणि पोरींच्या केसांत भांग पाडावा तशी फणसात चालत जाते. तोंड फणसाहून काटेरी, ती गोष्ट निराळी.

आता कुजबुज कुठून सुटली ते. शेवंती ही काशीची चुलत जाऊ, मागच्या अंगणाला अंगण लागून. एका सकाळी ती विरजण मागायला काशीच्या मागल्या दाराला गेली. काशीच्या घरी तेव्हा दोनच माणसं, काशी आणि तिची सासू भागीकाकी, जिला काशी आत्या म्हणते. भागीकाकीचा एकुलता एक मुलगा बाबू मुंबईला एका खाणावळीत कामाला. दिवाळी आठ दिवसांवर होती आणि बाबू यायचा होता. शेवंतीने बघितलं ते असं, की काशी विळीवर बसलेली, पुढ्यात भोपळ्याची दोन शकलं, हात कोपरापर्यंत केशरी, आणि घरात पुरुष नाही. नासिर तेव्हा शाळेत जात असेल.

"कोणी कापला गो?" शेवंतीने विचारलं.

"दिसत नाय काय," काशी म्हणाली.

एवढंच. शेवंती विरजण न घेताच परतली. दिवाळीला बाबू आला नाही, त्याची बातमी आली. आणि बातमी आली त्या दिवशी शेवंतीला भोपळा आठवला. भागीकाकी तेव्हा अंगठ्याला हळदीची चिंधी बांधून पडवीत बसली होती आणि ती चिंधी सोडून आम्ही सगळ्या तिच्या डोळ्यांकडेच बघत होतो. साहजिक आहे. मुलगा गेलेल्या बाईच्या अंगठ्याकडे कोण बघतं?

त्यानंतर आम्ही भांडणाची वाट बघत राहिलो. आज नाही तर उद्या सासू सुनेला बोलणार, "माझा मुलगा खाल्लास," म्हणून केस धरणार. वर्ष गेलं, दोन गेली. भागीकाकी एक शब्द बोलली नाही. आमची अगदी निराशा झाली. उलट, काशीला बाबू गेला तेव्हा चौथा महिना होता. पुढे वैष्णवी झाली, आणि पाचवीच्या रात्री भागीकाकीने तीच विळी, ज्या विळीची आख्खी वाडी चर्चा करत होती तीच, आपल्या हाताने घासून पुसून सुनेच्या उशाखाली ठेवली. आम्हाला हे कोडं काही सुटलं नाही. कोणी म्हणालं, म्हातारी भोळी. कोणी म्हणालं, सुनेला भिते.

पण मांडवात काशीची विळी त्यानंतर लागली नाही. आमच्याकडे लग्न असो, पूजा असो, आदल्या दिवशी दुपारी घरटी एक बाई आपली विळी घेऊन मांडवात येते. आचारी मागाहून, आधी विळ्या. समोरासमोर दोन रांगा लागतात, मधे भाजीचा ढीग. पहिली विळी त्या घरच्या यजमानणीची. ती लागली की तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. काशी पिशवीतून विळी काढायला लागली की कोणीतरी गोड आवाजात म्हणायची, "तू कशाला गो, तुझ्यासारखे तांदूळ कोणाला निवडता येत नायत." काशीने पहिल्यांदा विळी पिशवीत परत घातली. दुसऱ्या वेळेपासून ती आणलीच नाही. सूप घेऊन कोपऱ्यात बसायची आणि तिथून सगळ्यांवर तोंड सोडायची. "शेवंती, ती वांगी काय भिंतीला लावणार हायस? केवढाल्या फोडी!" वाडीत सगळ्यांत चांगली चिरणारी बाई वीस-बावीस वर्षं खडे काढत बसली.

तर गेल्या वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर वैष्णवीचं ठरलं. मुलगा दर्शन, लोट्याला कंपनीत, घर खेडला. आणि आता यजमानीण काशी. पहिली विळी तिची लागायला हवी.

चार दिवस आधी शेवंती आली, पदराला हात पुसत. वाकडं बोलायचं असलं की ती आधी हात पुसते. "काशे, मी काय म्हणते, मी चुलत जाऊ म्हणजे घरचीच. पहिली माझी लावू. कोणाच्या मनात काय नको."

"कोणाच्या मनात काय हाय?" काशीने विचारलं.

"माझ्या नाय गो. लोकांच्या."

वैष्णवी आत ऐकत होती. शेवंती गेल्यावर ती बाहेर आली. मी पडवीतच होते. वाडीत काही शिजत असलं की मी जवळपास असतेच. "आई, आदल्या दिवशी त्यांची खेडची आत्या हळद घेऊन यायची हाय," ती म्हणाली. "ती विचारणार, नवरीच्या आईची विळी कुठाय. तिला कोणतरी सांगणारच. मग आईने भोपळा चिरला, आता मुलगी काय करते ते बघू, असं घेऊनच मी त्या घरात जाऊ काय? त्याला उद्या नुसती सर्दी झाली तरी माझ्याकडे बघतील."

काशीने वैष्णवीकडे बघितलं, मग खांबाला टेकून बसलेल्या भागीकाकीकडे बघितलं. भागीकाकीचं आताशा काही खरं नाही. नव्वदीच्या आसपास आहे. सकाळी जेवली ते दुपारी आठवत नाही आणि दिवाळी कधीही येते तिची.

"आणूया की चिरलेलीच भाजी रत्नागिरीतून," मी आपलं सुचवलं. "पिशव्यांत मिळते हल्ली."

"तुला पण पिशवीत घालून पाठवते," काशी म्हणाली. मला बरं वाटलं. बाई ठिकाणावर होती.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही विळ्या घेऊन जमलो. बाप्ये सगळे टेम्पो घेऊन खुर्च्या आणि भांडी आणायला गेलेले. मधे ढीग: बटाटे, वांगी, गाजरं, आणि वर चढवून ठेवलेला एक भोपळा. चांगला मोठा, काशीच्याच लाकडांच्या खोपीवर झालेला. काशी भोपळ्याचं बी लावत नसे. भागीकाकीने कधी खोपीमागे टाकलं होतं तिलाच माहीत. पहिली चीर द्यायला नासिरला सांगून ठेवलं होतं. तो यायचा होता.

रांगेत पहिली जागा रिकामी. शेवंती आपली विळी मांडीवर घेऊन तिच्याकडे बघत बसलेली, अजून टेकवली नव्हती. काशी कोपऱ्यात, पुढ्यात सूप. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीच्या लग्नात, बाई तांदूळ निवडत होती.

वैष्णवी हळदीआधीची नवरी, तिने खरं म्हणजे बाहेर यायचं नाही. ती आली. आईची विळी घेऊन आली, पहिल्या जागी जमिनीवर ठेवली आणि उभी राहिली.

बायकांनी आधी विळीकडे बघितलं, मग शेवंतीकडे.

शेवंतीने हात पुसले. "राहूदे गो वैष्णवी. आई तांदूळ बघतेय ना."

काशी उठली नाही. तिला उठता येत होतं, पण ती उठली नाही. सुपात बोटं तशीच.

आणि खांबाजवळून भागीकाकी सरकत सरकत आली. आम्हाला वाटलं, बटाटा घ्यायला येतेय. तिला हातात काहीतरी घेऊन बसायला आवडतं. ती काशीच्या विळीच्या पाटावर बसली. गुडघा वर घेतला, पाय पाटावर रोवला, जुन्या बायका बसतात तशी नेमकी. वाकून ढिगावरचा भोपळा दोन्ही हातांनी ओढून मांडीवर घेतला.

"अगो, काकी! नासिर येतोय!" दोघीतिघी ओरडल्या.

"बाबूला घारगे आवडतात," भागीकाकी म्हणाली. "तो येईस्तोवर थांबतेय काय मी?"

आणि तिने भोपळा पात्यावर टेकवून रेटला. अंगठा पुढे.

सूप उपडं झालं. तांदूळ अंगणभर. काशी कोपऱ्यातून कशी पोचली कळलं नाही, सासूचं मनगट धरून ओरडली, "अंगठा, आत्या! मागल्यासारखा कापून घ्याल!"

तेवढं म्हणाली आणि तिने ओठ मिटले. पण वाक्य सुटलं होतं.

आम्ही सगळ्यांनी भागीकाकीच्या अंगठ्याकडे बघितलं. नखाखालून आडवा, जुना, पांढरा पडलेला वण. तो काही त्या दिवशी उगवलेला नव्हता. आम्ही त्या हाताकडून वर्षानुवर्षं प्रसाद घेत आलो होतो.

शेवंतीचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती सावकाश म्हणाली, "चिंधी होती. हळदीची. पडवीत बसली होती तेव्हा."

"तुझ्या वांग्याच्या फोडी बघ," काशी म्हणाली. "चिंध्या कसल्या मोजतेस!" आणि ती सासूचा अंगठा मागे घेऊन, तिच्या हातांवर आपले हात ठेवून, वाकली. दोघींनी मिळून भोपळा रेटला. कडकन दोन शकलं झाली. आत पिवळाधमक.

"गोड निघेल," भागीकाकी म्हणाली. "घारगे कर, काशे."

"करते, आत्या."

वैष्णवीने आजीला हात धरून उठवलं आणि खांबाशी नेऊन बसवलं. विळी तिथेच, पहिल्या जागी, भोपळ्याचा रस लागलेली. काशी तिच्याकडे बघत उभी. तेव्हा शेवंती पुढे झाली. पदराने पातं पुसलं, पाट पुसला, विळी उचलून काशीच्या पायांपाशी जमिनीवर नीट ठेवली आणि हात काढून घेतला. हातात दिली नाही. नातं ठेवायचं होतं तिला.

काशीने उचलली आणि पहिल्या जागी मांडून बसली. तिच्या शेजारी शेवंतीची लागली, मग माझी, मग बाकीच्या. मग मांडवात जो आवाज सुटला तो एकदम सगळा.

नासिर आला तेव्हा आम्ही निम्म्या भाजीवर होतो. चढावर स्कूटर पंक्चर झाली होती, घामाघूम. भोपळ्याच्या फोडी बघून कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"म्हणजे? माझी नोकरी गेली काय?"

"गेली रे," मी म्हटलं. "आता चहा पी. दोनदा पी, अब्बांसारखा."

दिवस कलताना खेडची आत्या हळद घेऊन आली. आल्याबरोबर रांगेवर नजर फिरवली. बाई नजरेची धारदार, केरूने घडवल्यासारखी. "पहिली कोणाची हो?"

"नवरीच्या आईची," शेवंती मान वर न करता म्हणाली. "दुसऱ्या कोणाची असणार?"

लग्न झालं. वैष्णवी खेडला नांदते आहे. दर्शनला मधे सर्दी झाली होती. त्याला काढा दिला, बाकी कोणी कोणाकडे बघितलं नाही.

पुढे एकदा मी काशीला गाठलंच. दुपारची ती खोबरं खवत होती. "का गो गप्प बसलीस एवढी वर्षं?"

"तुम्हाला विहिरीवर बोलायला काय राहिलं असतं मग?"

"खरं सांग."

खवणं चालूच होतं. "बातमी आली त्या दिवशी आत्या चुलीजवळ बसली होती. मला विचारलंन, 'काशे, भोपळा कोणी कापला?' ती आपलाच अंगठा धरून बसलेली, आणि मला विचारते. मी म्हटलं, मी कापला." तिने वाटी फिरवली. "माझ्या पोटात एक होती तरी. तिचा होता तो एकच."

मी आणखी विचारणार होते, पण तिने मला खोबऱ्याची वाटी दिली आणि म्हणाली, तोंड कामाला लाव.

भोपळा काशीने चिरला नव्हता, भागीकाकीने चिरला होता, बाबू दिवाळीला येणार म्हणून घारगे करायला. बाबू काविळीने गेला. भोपळा चिरला त्याच्या आधीपासून तो मुंबईत इस्पितळात होता.